मावशी म्हणायचं नाही

प्रिय रोहन आणि सई,

परवा तुमची आई फोनवर सांगत होती की धाकट्याला सांभाळायला बाई ठेवायची आहे. तिकडच्या कुठल्याशा संस्थेनं काही जणींची माहिती पाठवली आहे आणि ती एकेकीशी बोलून बघते आहे. मग तिनं मला विचारलं, "आई, तुम्ही बुलढाण्याला बाई ठेवलीत तेव्हा काय काय विचारलं होतंत?" मी म्हटलं, आवाज नीट येत नाही, नंतर बोलू. आवाज अगदी स्वच्छ येत होता. पण मथुराबाईबद्दल फोनवर दोन वाक्यांत काही सांगणं मला जमलं नसतं, म्हणून हे लिहायला बसले आहे. तुमच्या बाबाला आणि आत्याला तिनं वाढवलं. तुम्हाला तिचं नावसुद्धा माहीत नाही.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. तुमच्या आजोबांची पाटबंधारे खात्यात बुलढाण्याला बदली झाली आणि मला तिथल्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी मिळाली. तुमचा बाबा, आमचा अवि, तेव्हा रांगत होता. आजोबा महिन्यातले बरेच दिवस दौऱ्यावर असायचे. माझं माहेर पुण्याचं. इथली भाषा मला अर्धीच कळायची. मुलाला सांभाळायला ठेवलेल्या पहिल्या बाईनं तो शांत झोपावा म्हणून त्याला अफू चाटवली, तिला मी त्याच दुपारी घरी पाठवलं. दुसरी अविच्या आधी स्वतःच झोपायची. शाळा सुरू व्हायला आली तेव्हा आमच्या शाळेचे शिपाई शेखचाचा म्हणाले, "बाई, आमच्या रोहिणखेडची एक औरत हाय. एकदम इमानदार. जबान जराशी कडवी हाय, बस."

दुसऱ्या दिवशी ते तिला घेऊन आले. उंच, हाडापेरानं मोठी बाई होती. हनुवटीवर गोंदण, कपाळ रिकामं, अंगावर विटलेलं लुगडं. मी खुर्ची मांडून, विचारायचे प्रश्न मनात ठरवून बसले होते. आरोग्य, स्वच्छता, आधीचा अनुभव. तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. सतरंजीवर बसलेल्या अविकडे टक लावून बघितलं आणि म्हणाली,

"काय भंगार पोट्टं हाय, बाई!"

 अवि गुटगुटीत होता, कॉलनीतल्या बायका त्याला उचलून उचलून न्यायच्या.

"नाक पाहा ना, बसकं. डोकं गाडग्यावानी. असं कसं झालं हे?"

आतल्या खोलीत वर्तमानपत्रामागे आजोबा हसत होते, ते मला ऐकू येत होतं. मी शक्य तेवढ्या थंडपणे म्हटलं, "तुम्हाला काम हवं आहे ना?"

"हाव."

"मग असं बोलतात का?"

"काम पाह्यजे म्हनून तं खरं नाही बोलून राह्यली," ती म्हणाली.

मला काही अर्थबोध झाला नाही. शेखचाचा दाराबाहेर खाली मान घालून उभे होते. मी प्रश्न विचारायच्या आधी तिनंच आपली अट सांगितली. "मले मथुरा म्हना, मथी म्हना, काई म्हना. मावशी नका म्हनू. लेकराले बी शिकवू नका."

आमच्याकडे कामाच्या बायकांना मुलं मावशीच म्हणतात, म्हणून मी विचारलं, "का बरं?"

"ते नाव दिलेलं हाय."

शाळा सोमवारी उघडणार होती. मी तिला ठेवून घेतलं. आम्ही तिला मथू म्हणू लागलो.

मागच्या अंगणाला लागून एक खोली होती, ती तिला दिली. तिनं आणलेलं सामान म्हणजे एक पत्र्याची पेटी, वाकळ आणि एक नवं कोरं सूप. सूप तिनं खोलीतल्या खुंटीला उंच टांगलं. आमच्या स्वयंपाकघरातलं सूप जुनं होतं, त्याच्या कडा उसवल्या होत्या. एकदा मी म्हटलं, तुमचं घ्या ना निवडायला. ती म्हणाली, "ते निवडायचं नोहे," आणि आमचं उसवलेलं सूप दोऱ्यानं शिवून घेतलं.

मी वेळापत्रक करून स्वयंपाकघराच्या भिंतीला लावलं होतं. अविचं दूध, फळांचा रस, झोप, आंघोळ, सगळ्याच्या वेळा. मथूला वाचता येत नव्हतं, पण घड्याळाच्या काट्यांची कुठली जागा म्हणजे काय, हे तिनं आठवडाभरात पाठ केलं. वेळ झाली की मला हाक मारून सांगायची, "बाई, घड्याळाले भूक लागली. लेकरू तं निजलं हाय, घड्याळाले पाजू का?" मला राग यायचा. अजूनही माझं मत आहे की वेळापत्रकानं माझ्या मुलांचं भलंच झालं. आणि हेही खरं की तिनं एकदासुद्धा ते मोडलं नाही.

पाणी उकळायला सांगितलं, उकळलं. हात साबणानं धुवायला सांगितले, धुतले. फक्त एका बाबतीत ती माझं ऐकायची नाही. अविला काजळाचा टिळा लावू नका, असं मी सांगितलं होतं. कपाळावरचा टिळा बंद झाला. मग कानामागे दिसला. तो मी पुसला. काही दिवसांनी मोजे काढताना बघते तर तळपायावर, बोटांच्या खाली, काळा ठिपका. मी वर बघितलं. ती अंगणात कपडे वाळत घालत होती आणि माझ्याकडे बघायचं टाळत होती. तो ठिपका मी राहू दिला.

मुलाचं कौतुक तिच्या तोंडून कधी निघालं नाही. अवि पहिलं पाऊल टाकायला लागला तेव्हा तिनं जाहीर केलं, "लंगडं होते वाटते." पडला तर म्हणायची, "पड, पड. जमीन काई खात नाही." झोपवताना गाणं नसायचं. मांडीवर घेऊन एका तालात थोपटत ती शिव्या द्यायची. "निज बे दगडा. निज बे काळ्या. कोनाले पाह्यजे तू." अवि त्या तालात डोळे मिटायचा. पुढे मंजू झाली, तुमची आत्या, तिलाही हीच अंगाई. मंजू बोलायला लागल्यावर बाहुलीला थोपटत म्हणायची, "निज वं काळे, कोनाले पाह्यजे तू," आणि माझ्या पुण्याच्या बहिणी कपाळाला हात लावायच्या.

एकदा आमच्या मुख्याध्यापिका चहाला आल्या. मंजू तेव्हा पाच-सहा महिन्यांची असेल. बाईंनी तिला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "काय सुरेख मुलगी आहे! डोळे तर काय..."

चहाचा ट्रे घेऊन मथू दारात उभी होती. ती मोठ्यानं म्हणाली, "डोये नका पाहू. हागरी हाय नुसती. पातळ पाहा तुमचं."

पातळाला काहीही झालेलं नव्हतं. पण मुख्याध्यापिकांनी मंजूला माझ्याकडे दिलं आणि उरलेला चहा उभ्यानं घेतला. त्या गेल्यावर मी मथूला समोर बसवलं. म्हटलं, आता मला नीट सांगा. हे काय आहे? माझ्या मुलांचा तुम्हाला एवढा तिटकारा का?

ती जमिनीवर बसली, भिंतीला टेकून, पाय लांब करून. तिच्या नडग्यांवर मंजू पालथी पडलेली. तिच्या पाठीवरून ती हात फिरवू लागली. मग तिनं सांगितलं, आणि सांगताना मंजूला थोपटणं थांबवलं नाही.

तिला आधी तीन मुलं झाली होती. तिन्ही सुंदर होती. "माह्यासारखी नाही बाई, त्याइच्या बापासारखी. लोकं पाहाले येत." तिन्ही आठवड्याच्या आत गेली. दूध ओढेनाशी झाली, जबडा मिटला, अंग धनुष्यासारखं वाकलं. चौथ्या वेळी दिवस राहिले आणि नवरा तापानं गेला. मग सासूनं सांगितलं, हे तुझ्या ओटीत राहायचं नाही. तुझी ओटीच वाईट आहे. मुलगी झाली. बाराव्या दिवशी पहाटे मथूनं तिला चिंध्यांत गुंडाळलं, गावाबाहेरच्या उकिरड्यावर ठेवलं आणि मागे न बघता घरी आली. थोड्या वेळानं तिची थोरली जाऊ सुभद्रा, तिला ती जिजी म्हणायची, सूप घेऊन तिकडे गेली. कोणीतरी टाकलेलं लेकरू सापडलं म्हणून तिनं ते सुपात घेतलं आणि आपल्या घरी नेलं. अशा मुलांची नावंही तशीच ठेवतात, म्हणजे दृष्ट लावणाऱ्याला वाटावं, ही कोणाला नकोच आहेत. मुलीचं नाव उकर्डी ठेवलं.

"दूध मीच पाजलं," मथू म्हणाली. "पन जिजीच्या मांडीवरच ठेवून. आई जिजीले म्हने. मले मावशी."

तर ते नाव असं दिलेलं होतं.

"आणि आता?"

"आता काय! दुधाचे दात पडले का धोका टळते. मंग मी सुपात जवारी घेऊन जाईन, जिजीची ओटी भरीन, आन् माही पोट्टी माह्या ओटीत घेईन. तसं बोलनं झालं हाय. सासूसमोर झालं." सूप टांगलेल्या मागच्या खोलीकडे बघत ती म्हणाली. "तोवर माही सावली नको म्हनून तं इथं आली."

त्या दिवसापासून आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं की मथू कशाची वाट बघते आहे. अवि मोठा होऊ लागला तसं ती त्याचे दात हलवून बघायची. त्याच्यापेक्षा उकर्डी जराशी मोठी होती, त्यामुळे अविचं तोंड म्हणजे तिचं पंचांगच होतं.

अधूनमधून बाजाराच्या दिवशी ती मोताळ्याला जायची. तिथं सुभद्रा मुलीला घेऊन यायची. एकदा आम्ही मलकापूरला आगगाडी धरायला निघालो होतो आणि मोताळ्याच्या बाजारात जीप थांबली, तेव्हा मी त्या तिघींना पाहिलं. मुलगी सावळी, तरतरीत, लांब पापण्यांची. मथूनं तिच्या हातावर रेवड्या ठेवल्या आणि तिला खालपासून वरपर्यंत बघून म्हणाली, "कशी भुतावानी दिसून राह्यली! धू जराशी हिले, जिजी." म्हणताना तिचा चेहरा असा उजळला होता, की मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही. मुलीनं तो पाहिला नाही. ती सुभद्राच्या लुगड्यात तोंड लपवून म्हणाली, "आई, चाल ना. हे मावशी मले नेहमी वंगाळच म्हनते."

सुभद्रा वाईट बाई नव्हती, हे मला सांगायला हवं. तिला स्वतःचं मूल नव्हतं. त्या दिवशी तिनं मुलीची वेणी सोडून तिथंच बाजारात उकिडवी बसून पुन्हा घातली, कारण एका बाजूची रिबीन सैल झाली होती. मुलीच्या डोक्यावर तेल होतं, पायात चपला होत्या. मथूनं ते सगळं बघितलं असणारच.

अविचा पहिला दात पडला तेव्हा मथूनं तो कौलांवर फेकला आणि दुसऱ्याच दिवशी रजा मागितली. मी तिला मुलीसाठी फ्रॉक शिवून दिला, मंजूच्या कापडातलाच. मागच्या खोलीत एक जास्तीची वाकळ टाकली. शाळेत मी मुख्याध्यापिकांशी बोलून ठेवलं होतं, पहिलीत नाव घालायचं होतं. मथूनं खुंटीवरचं सूप काढलं, ओल्या फडक्यानं पुसलं, त्यात ज्वारी भरली, वर खण ठेवला, आणि सगळं फडक्यात बांधून ती एसटीला निघाली. अवि आणि मंजू तिला पोचवायला फाटकापर्यंत गेले. "उकर्डी कुठे झोपणार?" मंजूनं विचारलं. "तुह्या डोक्शावर," मथू म्हणाली. ती हसत होती. हसताना ती पदरानं तोंड झाकायची, त्या दिवशी विसरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेतून आले तर ती अंगणात बसलेली होती. एकटी. फडकं मांडीवर होतं, गाठ न सोडलेली.

मी आतून तांब्या आणला. पाणी दिलं. तिनं ते प्यायलं आणि स्वतःच म्हणाली, "नाही आनली."

"सुभद्रा नाही म्हणाली?"

"नाही म्हटलं असतं तं मी भांडली असती, बाई. पंचाइत बसवली असती." तिनं फडक्याची गाठ चाचपली. "जिजी म्हने, ने. तुही हाय, ने. मी काऊन अडवू? पन एक सांग मथे. तुह्या ओटीत तीन गेले. माह्या ओटीत हे जगली. उद्या तुह्याकडे हिले काई झालं, तं मी कोनाचं तोंड पाहू? तू कोनाचं पाह्यशीन? म्हने, आता बोल. नेतं का?"

"मग?"

"मंग काय. पोट्टी जिजीच्या मांगं उभी होती. तिचा पदर धरून. चांगली दिसून..." तिनं पुढचा शब्द गिळला आणि थुंकली. "मी म्हटलं, राहू दे."

मी चिडले. सुभद्रावर चिडले, तिच्यावर चिडले. तिला माझ्या ओळखीच्या लेडी डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्या तिच्याशी फार समजुतीनं बोलल्या. नाळ कशानं कापली होती? पहिल्या तिघांची विळ्यानं, वर शेणाची राख. आणि उकर्डीची? तेव्हा मथू अडली होती, म्हणून तिला बैलगाडीतून मोताळ्याच्या दवाखान्यात नेलं होतं, तिथं नर्सनं कापली. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. इतकं स्पष्ट होतं ते. त्यांनी तिला धनुर्वात म्हणजे काय, तो कुठून येतो, सगळं सांगितलं. तुझ्या ओटीचा काही दोष नाही, म्हणाल्या. मुलगी दवाखान्यात जन्मली म्हणून जगली, तिला कुठेही ठेव, आता ती जगेल.

मथू नीट ऐकत होती. मधे दोन प्रश्नही विचारले, शहाण्यासारखे. तिला सगळं समजलं, याविषयी मला शंका नाही. घरी येताना मी म्हटलं, "आता तरी पटलं ना?"

"पटलं."

"मग या शनिवारी जा आणि घेऊन या तिला."

ती चालता चालता थांबली. "बाई, तुमचं खरं असन. डाक्टरीनबाईचं बी खरं असन. पन समजा खोटं निघालं. तं मंग तुम्ही दोघी मले काय देसान?"

मी इंग्रजी साहित्य शिकले, तर्कशास्त्रही शिकले होते. विळा, राख, नर्स असं सगळं मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले, तोवर ती पुढे चालू लागली होती. 

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून सूप पाखडल्याचा आवाज आला. तांदूळ पाखडत होती ती, तिच्या त्या नव्या सुपात. आमचं दोऱ्यानं शिवलेलं जुनं सूप चुलीजवळ मोडून ठेवलं होतं, जाळायला.

त्यानंतर ती आमच्याकडे बरीच वर्षं होती. तिचं काम तसंच चाललं, बोलणंही तसंच. अवि वर्गात पहिला आला तर म्हणायची, "बाकीचे पोट्टे बिमार असतीन." मंजूला न्हाऊ घालताना, "जट हाय नुसती, कापून फेका." पण दात बघायचं मात्र बंद झालं. मंजूचे दात पडले तेव्हा ते कौलांवर मी फेकले. मोताळ्याला जाणंही कमी होत गेलं, कारण मुलगी आता बाजारात यायची नाही. सुभद्रानं तिचं नाव शाळेत शोभा घातलं होतं. उकर्डी म्हटलं की मुलगी ओ द्यायची नाही. "शोभा," मथू एकदा भाकरी थापता थापता म्हणाली. "एवढं उघडं नाव कोनी ठेवते का?"

एकदा मंजू तापानं फणफणली होती आणि मथू तिच्या उशाशी बसून होती. तापात मंजूनं तिचा हात धरून म्हटलं, "मावशी, पाणी." इतर मुलींच्या घरी ऐकलेला शब्द असेल. मथूनं पाणी पाजलं, तोंड पुसलं आणि हळूच म्हणाली, "मथू म्हन. मथू, पानी." ताप असलेल्या मुलीकडून तिनं ते म्हणवून घेतलं. तिथं मी उभी होते. तेव्हा मला कळलं, तिनं अजून काहीच सोडलेलं नाही.

शोभाचं लग्न ठरलं तेव्हा अवि मॅट्रिकला होता. पत्रिकेत आईवडील म्हणून सुभद्रा आणि तिचा नवरा. ते बरोबरच होतं. मी दोन्ही मुलांना घेऊन मथूबरोबर रोहिणखेडला गेले. जाताना एसटीत तिनं दोन वेळा कनवटीची डबी काढून बघितली. डबीत काजळ होतं.

ते काजळ तिला लावताच आलं नाही. ती विधवा. नवरीच्या खोलीत सवाष्णींची गर्दी होती, तिथं तिला कोणी जाऊ देईना. कोणी भांडलं नाही, फक्त दारातल्या बायका सरकल्या नाहीत. "मथे, तू तिकडे पंगतीचं पाह्य ना," एक म्हणाली. ती तिकडे गेली नाही. मांडवाच्या कडेला, डेऱ्यांशेजारी उभी राहिली. मी आणि मुलं तिच्याजवळच होतो.

नवरी बाहेर आली. खरोखर सुंदर दिसत होती. पिवळं लुगडं, कपाळभर मळवट, त्या लांब पापण्या. मांडवात एकदम कुजबुज झाली. नवऱ्याकडच्या बायका उठून बघायला लागल्या. "अवो, काय पोरगी हाय!" "लक्ष्मीच आली वं घरात." "डोये पाह्यले का?" एकेक वाक्य येई तसा मथूचा हात माझ्या दंडावर आवळत गेला. मला वाटलं, ती रडेल.

ती ओरडली. इतक्या मोठ्यानं, की ताशेवाला थांबला.

"कायची लक्ष्मी! उकिरड्यावरची हाय ते! उकर्डी नाव हाय तिचं. काळं बेंदरं थोबाड, कोनाले पाह्यजे ते!"

 तुम्हाला हे वाचताना कळतं आहे ना, ती काय करत होती? मला कळलं, अविला कळलं, मंजूला कळलं. आम्ही त्याच अंगाईवर वाढलेलं घर. त्या मांडवात आम्हा तिघांशिवाय आणि बहुधा सुभद्राशिवाय कुणालाच कळलं नसावं. नवऱ्याची आई पुढे आली. तिचा चेहरा उतरला होता.

"उकिरड्यावरची म्हंजे? कोनाची पोरगी हाय हे? आमाले काई सांगतलं नाही तुम्ही."

सुभद्रा मधे आली. तिला सावरायचं होतं, आणि तिनं सावरलं. "येडी हाय ते, ईहीनबाई. बुलढान्याले साहेबाच्या घरी कामाले हाय. गावची हाय म्हनून बलावलं. ध्यान नका देऊ."

विहीणबाईचं समाधान झालं नाही. ती नवरीकडे वळली. "तू सांग वं. वळखतं का या बाईले? कोन लागते तुही?"

मुलीनं मान वर केली. तिनं मथूकडे बघितलं. नीट बघितलं, हे मी शपथेवर सांगेन. तिला काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं, हे मला कधी कळलं नाही. मोडू पाहणारं लग्न तिला दिसत होतं एवढं खरं. एक शब्द पुरला असता, तो जुनाच शब्द. त्यानंही काही बिघडलं नसतं.

"कोनी नाही," ती म्हणाली.

ताशा पुन्हा सुरू झाला. मथू माझा दंड सोडून मांडवाबाहेर चालू लागली. आम्हीही जेवायला थांबलो नाही.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. राजूरचा घाट लागला तेव्हा ती आपणहून बोलली. आवाज नेहमीसारखाच होता.

"नजर तं नाही लागत आता. सगळ्याइनं ऐकलं."

मी मान हलवली.

बऱ्याच वळणांनंतर ती मागच्या बाकावरच्या मंजूकडे वळून म्हणाली, "मंजे, तुले मावशी म्हनायचं होतं ना मले? म्हनत जाय आता. ते नाव मोकळं झालं."

मंजू रडायला लागली. मथू पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली.

मंजूनं तो शब्द उच्चारला नाही. घरात मथूच चालू राहिलं. उन्हाळ्यात आमची नागपूरला बदली झाली. मी मथूला बरोबर चला म्हटलं, आजोबांनीही म्हटलं. ती म्हणाली, तेवढ्या लांब नको. वरवट बकालला तिचा भाऊ होता, तिकडे जाते म्हणाली. तिथं गेल्यावर तिचं पुढे काय झालं ते मला समजलं नाही. मी दोन पत्रं पाठवली. तिला वाचून दाखवणारं कोणी होतं की नाही, कोण जाणे.

ट्रक सामान घेऊन पुढे गेला होता. आम्ही जीपमध्ये बसलो होतो. मथू फाटकाशी उभी होती, काखेत तिची पेटी आणि सूप. तळ झिजून गेलेलं, काळं पडलेलं ते सूप. अविकडे बघून म्हणाली, "जाय बे दगडा," आणि अविनं मान दुसरीकडे वळवली. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. तेवढ्यात मंजू बाहेर वाकली. इतके दिवस मनात धरून ठेवलेलं एकदम तिच्या तोंडून निघालं. तिनं जिवाच्या आकांतानं हाक मारली,

"मावशी!"

मथूनं आमच्याकडे बघितलं नाही. ती गर्रकन मागे वळली आणि मोताळ्याकडून येणाऱ्या रस्त्याकडे बघायला लागली. धुळीत मला दिसलं तोवर ती तशीच बघत होती, आमच्याकडे पाठ करून.

— तुमची आजी